भाऊ, चेंडू मला दिसला नव्हता

भाऊ, एका जागी बसून काही करणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठलेय. एकदा चहा ठेवला, तो उतू गेला. एकदा गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे चाचपून आले. इथे आखातात, अल सद्दच्या या उन्हात ते केव्हाच कडक झाले होते. एकदा उगाचच मिलिंदवर खेकसले. तो म्हणाला, "भाऊंना लिहितेयस ना? मग भांडण त्यांच्याशी कर." माझा नवरा कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा नेमकं बोलतो. तेव्हा मी भांडायलाच बसलेय असं समजा.

पहिलं सांगून टाकते. जानेवारीतल्या त्या रग्बीच्या सामन्यात आपल्या संतोषनं चेंडू घेऊन रेषेपलीकडे झेप टाकली, त्याच्या अंगावर तिघं पडले, आणि मी शिट्टी वाजवून ट्राय नाकारला. तुम्ही तरातरा माझ्याकडे आलात आणि विचारलंत, "पंचबाई, चेंडू हातातनं सुटताना दिसला का तुला?" मी म्हटलं, "दिसला." भाऊ, मला चेंडू दिसला नव्हता. माझ्यापुढे समोरच्या संघातल्या जोसेफची पाठ होती, आणि ती पाठ म्हणजे कपाटाचं दार. चेंडू टेकला, सुटला की संतोषच्या पोटाखालीच राहिला, मला काही म्हणजे काही कळलं नाही. त्यानंतर तीन आठवडे आपण एकमेकांशी बोललो नाही. मग एका रविवारी सकाळी ड्युटीवर निघताना तुम्ही लिफ्टच्या दारात खाली बसलात, ते उठलाच नाहीत. खरं बोलायचं राहून गेलं, आणि आता ते मला स्वस्थ बसू देत नाही.

तुमच्या शोकसभेत एकानं तुम्हाला 'आखातातल्या भारतीय रग्बी लीगचे जनक' म्हटलं. तुम्ही असतात तर हसून हसून ठसका लागला असता. जनक वगैरे काही नाही, तुम्ही पाइपिंगचे सुपरवायझर होतात आणि तुमच्या शेजारी डबा खायला वेल्डिंग इन्स्पेक्टर जोसेफ बसायचा, एवढीच ती सुरुवात. पापुआ न्यू गिनीचा हा माणूस एरवी दिवसभरात दहा शब्द बोलायचा, पण या खेळाचा विषय निघाला की थांबायचा नाही. त्याच्या डोंगरात रस्ता धड नाही, वीज आली तर आली, पण सामन्याच्या दिवशी ज्या घरात टीव्ही आहे तिथे तीन गावं चालत येतात. खिडकीतून बघतात, झाडावर चढून बघतात, आणि आपला संघ हरला तर दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत राहिलात आणि म्हणालात, "आमच्याकडं कबड्डीचं असंच हाय की." पुढच्या शुक्रवारी जोसेफ चेंडू घेऊन आला.

त्यानं नियम सांगितले. एका बाजूला तेरा जण. चेंडू पुढे न्यायचा तो पळूनच, हातानं द्यायचा तर मागेच. समोरच्यांनी सहा वेळा पकडलं की चेंडू त्यांचा. रेषेपलीकडे जाऊन जमिनीला टेकवला की ट्राय. तुम्ही मान डोलावलीत. "म्हंजे सहा चढाया. समजलं. गडी मी आणतो."

आणि आणलेतही. कराडचे, सांगलीचे, एक रत्नागिरीचा, सगळे कधीकाळी तालुक्याला कबड्डी खेळलेले आणि आता कुणी पाइप फिटर, कुणी साइट इंजिनियर, एक तर अकाउंटंट, ज्याचं पोट त्याच्याआधी मैदानात शिरायचं. तो पहिला सामना मी पाहिलाय, म्हणून मला कुणी जनक-बिनक सांगू नये. आपला गडी चेंडू घेऊन सुसाट जायचा, समोरचे त्याला आडवा करायचे, आणि हा उठून अंगावरची माती झटकत सरळ मैदानाबाहेर जाऊन बसायचा. पकडला म्हणजे बाद! पहिल्या दहा मिनिटांत आपले पाच जण कडेला ओळीनं मांडी घालून बसले होते आणि समोरच्यांना कळेना की हे लोक रुसले कशावर. जोसेफ हात हलवत ओरडत होता, "नो, नो, कम बॅक!" संतोषची तर आणखीच तऱ्हा. रेषा हातभर पुढे राहिली असताना त्याला पकडलं, आणि हा चेंडू पुढे टेकवायचा सोडून मागे मध्यरेषेकडे हात लांबवतोय. इतक्या वर्षांची सवय. तुम्ही कपाळाला हात लावलात.

पण ओरडला नाहीत. सवय शिव्यांनी सुटत नाही, दुसरी सवय लावावी लागते, असं तुमचं म्हणणं. दुसऱ्या दिवशीपासून नियम केलात: पकडलं की उठायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, "जित्ता!" बाद नाही, जित्ता. यल्ला, चला, पुढची चढाई. दोन महिन्यांत सगळं मैदान जित्ता जित्ता करू लागलं. मग समोरच्या संघातले नेपाळी ओरडू लागले, केरळचे ओरडू लागले, एकदा जोसेफही ओरडला आणि स्वतःच लाजला. त्याचा अर्थ काय, असं मला एका फिलिपिनो खेळाडूनं विचारलं होतं. मी सांगितला तर म्हणाला, "गुड रूल, मॅडम."

मी तिथे आले ती प्रथमोपचाराची पेटी घेऊन. सेफ्टीत नोकरी करणारी मराठी बाई आहे म्हणून तुम्ही कुणाकडून तरी माझा नंबर मिळवलात. मी पेटी ठेवली, बर्फ आहे का विचारलं, आणि मग कडेला उभी राहून तासभर 'हे चूक, ते चूक' करत राहिले. नाशिकला शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळलेय, गुडघे गेले म्हणून सुटला. कडेला गप्प उभं राहणं माझ्या रक्तात नाही. शेवटी तुम्ही शिट्टी माझ्या हातात दिलीत. "उंटावरनं शेळ्या हाकायला काय लागतंय? उतर खाली आन हो पंच."

मग बिन महमूद भागातल्या तुमच्या घरी नियमपुस्तकाची पारायणं. सुमनवहिनी ताटात आमटी वाढायच्या, आणि तुम्ही आमटी गार होईस्तोवर 'ऑफसाइड'वर वाद घालायचात. खो-खोवाल्यांना नुसतं पळता येतं, धरता येत नाही, हे तुमचं ठरलेलं. कबड्डीवाल्यांना नुसतं धरता येतं, सोडता येत नाही, हे माझं. वहिनी म्हणायच्या, "दोघांनाही जेवता येत नाही." पंचाची परीक्षा मी पास झाले तेव्हा तुम्ही अख्ख्या संघाला पेढे वाटलेत आणि मला मात्र म्हणालात, "आता आमच्याच गड्यांना आधी शिट्ट्या वाजतील." ते बोलणं मी फार मनावर घेतलं, भाऊ. जरा जास्तच घेतलं.

एक संघ होता, त्याचे चार झाले. वरती अल रुवैसला तर तुम्ही दर शनिवारी गाडी हाकत गेलात, बंदरावर काम करणाऱ्यांना शिकवायला. तिथलं मैदान म्हणजे खडीचा ढीग. परत आल्यावर तुम्ही तक्रार केलीत आणि मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."  पुढच्या शनिवारी डिकीत फावडी, घमेली आणि चार गडी कोंबून गेलात आणि दिवसभर खडी वेचलीत. संध्याकाळी मला फोन, "पंचबाई, अंगण सरळ झालं." असा तुमचा स्वभाव. तोंडानं हरणं माहीत नाही, पण समोरच्याचं बरोबर असेल तर फावडं उचलायचात.

मुलींच्या संघाचा वाद मात्र अर्धाच राहिला. बाईनं शिट्टी वाजवावी, पण बाईला कुणी आडवं पाडावं हे तुम्हाला पटत नव्हतं. "आधी पुरुष तर नीट उभे राहू देत," असं म्हणून तुम्ही दर वेळी विषय टाळलात. मी तेव्हा चिडून फोन ठेवला होता आणि अजूनही त्यावर मी चिडलेलीच आहे. तुम्ही गेलात म्हणून हा वाद मी सोडणार नाही.

आता जानेवारी. तो सामना साधा नव्हता. जिंकणारा संघ दुबईला आखाती स्पर्धेत खेळायला जाणार होता. आपले गडी त्यासाठी पहाटे उठून पळत होते, कंपनीकडून सुट्ट्या मागून ठेवल्या होत्या. समोर जोसेफचा, त्याच्यासारख्याच बेटांवरून आलेल्यांचा संघ. शेवटची दोन मिनिटं, आपण चार गुणांनी मागे, आणि संतोषनं झेप टाकली. ट्राय झाला असता तर बरोबरी, आणि वरच्या दोन गुणांची किक तुम्ही डोळे मिटून मारली असती, त्या वयातही. कडेला पन्नाससाठ मराठी माणसं ओरडत होती. आणि मला दिसलं नाही.

नियम सोपा आहे, तुम्हीच मला शिकवलात. पंचाला खात्री नसेल तर ट्राय नाही. म्हणजे मी "दिसलं नाही" म्हटलं असतं तरी निकाल तोच लागला असता! मग खोटं का बोलले? तीस पुरुषांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईनं 'मला दिसलं नाही' म्हटलं तर पुढच्या शुक्रवारपासून तिच्या एकाही शिट्टीला कुणी थांबणार नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. आणि दुसरं, जे सांगायला जास्त लाज वाटते: आपल्या माणसांना मी झुकतं माप देत नाही, हे सगळ्यांना दिसावं असंही वाटलं. म्हणून आवाज चढवून म्हटलं, "दिसला." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. अंगावर माती पडल्यावर माणूस आधी नुसता बघतो, तसं. मग वळलात आणि गेलात.

मला वाटलं, हरल्याचा राग. उतरेल. पहिल्या आठवड्यात मी तोंड फुगवून बसले, कारण निर्णयावर पंचाशी अबोला धरणं हा पोरकटपणा आहे. दुसऱ्या आठवड्यात बिन महमूदवरून तीनदा गाडी नेली, तुमच्या बिल्डिंगखाली पार्किंग रिकामं असूनही थांबले नाही. मुलगी गाडीत होती एकदा. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आई, जस्ट कॉल हिम. यू आर बोथ सो स्टबर्न." मी तिला म्हटलं, अभ्यास कर. तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं की शुक्रवारी मैदानावर भेटतील तेव्हा बोलू. त्या शुक्रवारी तुम्ही अल रुवैसला गेलात. आणि रविवारी सकाळी संतोषचा फोन आला.

तुम्हाला कराडला नेलं. कृष्णाकाठी सगळं झालं, असं कळलं. मी इथे होते, ऑफिसात, सेफ्टी ऑडिटच्या मीटिंगमध्ये, आणि कोणत्या तरी पंपाबद्दल कुणी तरी मला काही विचारत होतं. मी उठून बाहेर गेले आणि जिन्यानं नऊ मजले खाली उतरले, मग परत वर चढले. गुडघ्यांनी बोंब मारली. बरं वाटलं.

महिन्याभरानं वहिनी परत आल्या, घर आवरायला. त्यांचा इथला परवाना तुमच्या नोकरीवर होता, तेव्हा दोन आठवड्यांत सगळं बांधून जायचं. मी आणि संतोष खोकी भरायला गेलो. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मला राहवलं नाही. म्हटलं, आता या दोघांना तरी सांगावं. मी म्हणाले, "संतोष, त्या सामन्यात तुझा चेंडू सुटला ते मला दिसलं नव्हतं. मी भाऊंना खोटं सांगितलं. ट्राय झाला असेल तर तुझं दुबई माझ्यामुळे गेलं."

संतोषनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मॅडम, चेंडू सुटलाच होता. मी त्याच दिवशी गाडीत भाऊंना सांगितलं."

मला काही कळेना. "मग ते माझ्याशी बोलत का नव्हते?"

"ते म्हणाले, निकाल बरोबरच हाय. पर जोसेफ मधी होता, तिला दिसणं शक्यच न्हाई. दिसला म्हणाली ती." संतोष खाली बघत बोलत होता. "मी म्हटलं, मग तुम्ही विचारा त्यांना. तर म्हणाले, विचारायचं न्हाई. तिचं तिला सांगू दे. ती करंल फोन."

वहिनी आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. "दर शुक्रवारी म्हणायचे, आज येईल बघ मंजूचा फोन," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही करा की. तर म्हणे, मी केला तर ती माफी मागेल. मला माफी नको, तिनं आपणहून सांगावं."

भाऊ, मी तिथे रडले नाही. मला इतका राग आला की मी ते पातेलं खोक्यात आपटलं. निकाल बरोबर होता हे तुम्हाला माहीत होतं! मी तीन आठवडे रात्री कूस बदलत काढले, आणि तुम्ही चहा पीत माझी परीक्षा बघत होतात! कबड्डीवाल्यांना सोडता येत नाही, हे मी चेष्टेत म्हणायचे. तुम्ही ते खरं करून दाखवलंत. एक फोन, भाऊ. "पंचबाई, खोटं का बोललीस?" एवढंच. मी चिडले असते, ओरडले असते, दोन दिवसांनी आमटी खायला आले असते. तुमच्याकडे वेळ भरपूर आहे असं का धरून चाललात? आणि मी तरी तेच का धरून चालले? झाकली मूठ मी झाकूनच ठेवली, आणि ती उघडायची वाट बघणारा माणूसच उरला नाही.

घरी आल्यावर राग जरा उतरला. मग वाटलं, हरलेला सामना तुम्ही दुसऱ्याच दिवशी विसरलात. दुबई गेलं ते विसरलात. माझं एक वाक्य मात्र विसरला नाहीत, कारण मी त्यापेक्षा चांगली पंच आहे असं तुम्हाला वाटत होतं. माझ्याबद्दल इतका विश्वास माझ्या स्वतःच्या मनात कधी नव्हता. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे की तुम्हाला शिव्या द्यायच्या, अजून ठरत नाहीये. दोन्ही घ्या.

काल शुक्रवार. सकाळी सातला सामना होता, आपले गडी आणि अल रुवैसवाले. संतोष आता कप्तान आहे. सुरू होण्याआधी मी दोन्ही संघांना बोलावलं आणि हिंदीत, मग इंग्रजीत सांगितलं की जानेवारीत मी न दिसलेलं दिसलं म्हणाले.   मग जोसेफ, जो काल नुसता बघायला आला होता, कडेवरून म्हणाला, "आय नो. आय वॉज इन युअर वे. सॉरी." एवढा मोठा हशा त्या मैदानावर बऱ्याच दिवसांत पिकला नव्हता. अल रुवैसचा कप्तान म्हणाला, "यल्ला मॅडम, खेळू या."

सुमनवहिनीही आल्या होत्या. विमान आजचं, म्हणून काल म्हणाल्या, एकदा बघून तरी जाते काय आहे ते. इतक्या वर्षांत त्या मैदानावर कधी पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. पांढरी ओढणी डोक्यावरून घेऊन दोरीला टेकून उभ्या होत्या.

उत्तरार्धात नेमकं तेच झालं. अल रुवैसचा एक जण रेषेवर कोसळला, वर आपले चौघं. मी पळत होते, पण गुडघे ते गुडघेच, पोचले तेव्हा नुसता ढीग. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिट्टी वाजवली आणि मोठ्यानं म्हटलं, "दिसलं नाही. ट्राय नाही." आकाश कोसळलं नाही. दोघंतिघं कुरकुरले, एकानं जमिनीवर हात आपटला आणि सगळे उठून आपापल्या जागी जायला लागले.

तेवढ्यात दोरीपाशी कुणीतरी ओरडलं. "अगं मंजू, टेकवला की त्यानं! मला दिसला! इथनं स्वच्छ दिसला!"

वहिनी होत्या. एक हात वर, ओढणी खांद्यावर घसरलेली, आवाज असा की तो त्यांच्या घशात इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. आणि ओरडत होत्या तेही आपल्याच संघाच्या विरुद्ध. अख्खं मैदान थांबलं. मी नियमाप्रमाणे दोरीपर्यंत गेले आणि म्हटलं, "वहिनी, बाहेरच्यांनी निर्णयात बोलायचं नसतं. ताकीद देतेय."

"दे," त्या म्हणाल्या. "पण टेकवला होता."

मी वळले आणि खेळ पुन्हा सुरू केला. शिट्टी दातांत घट्ट धरून रडता येत नाही, भाऊ. अख्ख्या नियमपुस्तकाची पारायणं करून घेतलीत माझ्याकडून, तेवढं एक सांगायचं राहिलं तुमचं.